कागद त्यांचा, खेटे आपले

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात महसूल खात्यानं परिपत्रक काढलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत जवळपास एकच मथळा : डिजिटल सातबाऱ्याला कायदेशीर मान्यता, तलाठ्याच्या सहीची गरज नाही, १५ रुपयांत उतारा. डिजिटल स्वाक्षरी, क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असलेला सातबारा, आठ-अ आणि फेरफार उतारा आता सरकारी, निमसरकारी, बँकांच्या आणि कोर्टाच्याही कामाला चालणार, असं महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं. बातमी चांगलीच आहे. फक्त ती जुनी आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला १ मे २०१८ला, देवेंद्र फडणवीस पहिल्यांदा मुख्यमंत्री असताना. १५ रुपयांचा दरही नवा नाही. आणि डिजिटल सहीला हाताच्या सहीचा दर्जा देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा तर २०००चा. सात वर्षं घरात नांदणाऱ्या सुनेला पुन्हा माप ओलांडायला लावावं, तसा हा मान्यतेचा सोहळा.

तो का करावा लागला, हे समजून घ्यायला कुठल्याही तज्ज्ञाकडे जायची गरज नाही. आधीच्या वर्षांत काढलेला डिजिटल सातबारा घरात असेल तर तो काढून बघा. वर गाव नमुना सात : गट क्रमांक, भोगवटादार वर्ग एक की दोन, क्षेत्र, आकार, पोटखराब, खातेदारांची नावं आणि प्रत्येक नावापुढं फेरफार क्रमांक. उजवीकडं ‘इतर अधिकार’, म्हणजे सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा. खाली गाव नमुना बारा, पिकांची नोंद. आणि तळाला बारीक अक्षरांत सूचना, की हा उतारा डिजिटल स्वाक्षरीत असल्यामुळे त्यावर कुठल्याही सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. हे त्या कागदावरच छापलेलं असतं. तरीही तो कागद घेऊन गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं, “हे ऑनलाइनचं आहे, यावर तलाठ्याचा गोल शिक्का आणा.” (तलाठ्याचं पद आता कागदोपत्री ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय. गावात त्याला कोणी त्या नावानं हाक मारल्याचं ऐकिवात नाही.)

कायद्याला कधीच अडचण नव्हती. अडचण होती पलीकडच्या टेबलावर. तिथल्या कारकुनाला क्यूआर कोड स्कॅन करून उताऱ्याची खातरजमा करता येते, पण उद्या ऑडिटला काही निघालं तर स्कॅन दाखवता येत नाही, शिक्का दाखवता येतो. शिक्का म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर. त्यामुळे महसूल खात्यानं कितीही सोपं केलं तरी कृषी, सहकार, बँक, वीज कंपनी, भूसंपादन यांच्या फायलींना कागदच हवा असतो.

इथं एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. सातबारा हा सरकारचा कागद. तो ठेवणारं सरकार, त्यात बदल करणारं सरकार आणि बहुतेक वेळा तो मागणारंही सरकारच. मग सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात तो नेऊन ठेवायचं काम शेतकऱ्याकडं का? आपण ज्याला डिजिटल सेवा म्हणतो तिचा मोठा भाग एवढाच आहे : पूर्वी हा हमाल एसटीनं जायचा, आता वेबसाइटवरून जातो. हमाली तशीच आहे आणि वर १५ रुपयेही त्यानंच द्यायचे.

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत २०२५मध्ये हेच झालं. सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. पात्रता तपासायची म्हणून बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. नवरा आणि वडील दोघंही हयात नसतील तर काय, हा प्रश्न आराखडा करताना कोणाला पडला नाही. ओरड झाली, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं द्यावा, असा मार्ग निघाला. तो दाखला कोण देतं? ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. नोंद सरकारच्याच संगणकात आहे, पण नेऊन द्यायची विधवेनं.

तालुक्याच्या गावी कुठल्याही सेवा केंद्रात तासभर बसलं की हे सगळं कानांवर पडतं. झेरॉक्स मशीन, फोटोचा निळा पडदा, भिंतीवर दरपत्रक, आणि संगणकामागं एक पोरगा.

“मावशी, ओटीपी आला का बघा.”

“मोबाइल नातवाकडं हाय, तो पुण्याला.”

मग पुण्याला फोन. नातू कंपनीत, फोन उचलत नाही. उचलतो तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पाठवावा तर सर्व्हर बसलेला. महाराष्ट्राचं ई-प्रशासन प्रत्यक्षात या पोराच्या खांद्यावर उभं आहे. ‘आपले सरकार’ पोर्टलचा पासवर्ड अनेकदा अर्जदारापेक्षा त्यालाच पाठ असतो. २०२५मध्ये या केंद्रांचं सेवाशुल्क २० रुपयांवरून ५० रुपये झालं, त्यावर टीका झाली. मला ती अर्धीच पटते. २० रुपयांत वीज, भाडं, कागद आणि अर्धा तास नातवाशी फोनवर बोलणं भागत नव्हतं, म्हणून वरचे पैसे घेतले जात होतेच. प्रश्न ५० रुपयांचा नाही. हा अर्ज मुळात का करावा लागतो, हा आहे.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा वारणा आठवतं. १९९८मध्ये, वाजपेयींच्या काळात, माहिती तंत्रज्ञानाचं नवं वारं शिरलं तेव्हा वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. तात्यासाहेब कोरे यांनी उभी केलेली सहकाराची साखळी तिथं आधीच मजबूत होती : कारखाना, दूध संघ, बाजार. गावोगावी संगणकाची केंद्रं बसली. आराखड्यात शेतीसल्ला, बाजारभाव, जमिनीच्या नोंदी, नोकऱ्यांची माहिती असं बरंच काही होतं. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तर शेतकरी बांधावरून इंटरनेटवर जाणार, असं चित्र रंगवलं होतं.

प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रावर जाऊ लागला तो उसासाठी. माझ्या प्लॉटचं वजन किती भरलं, तोडीची चिठ्ठी कधी, खताची उचल किती, बिल किती निघालं. पूर्वी यासाठी कारखान्यावर खेटा व्हायचा, तो वाचला. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन संस्थेतली मंडळी तिथं आली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा. त्यांनी पाहिलं, की लोक महागड्या संगणकावर दोन-चार आकडे विचारतात आणि निघून जातात. संगणक बिघडतात, वीज जाते, जोडणीचा खर्च वेगळाच. मग त्यांनी सात गावांत संगणक काढून तिथं साधा मोबाइल ठेवला. चालकानं एसएमएसनं विचारायचं, कारखान्यातल्या संगणकानं एसएमएसनं उत्तर द्यायचं. काम तेवढंच झालं, लवकर झालं, स्वस्तात झालं. ‘वारणा अनवायर्ड’ या नावानं तो अभ्यास जगभरच्या संशोधकांत वाचला गेला. महाराष्ट्रात त्याची फारशी आठवण काढली जात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तोयामा हा माणूस लक्षात ठेवण्यासारखा. बंगळुरूची ती संशोधन संस्था उभी करणाऱ्यांपैकी तो एक. गावाकडच्या तंत्रज्ञानाचे प्रयोग हेच त्याचं काम. पाच वर्षं भारतभर असे प्रयोग केल्यावर त्यानं ‘गीक हेरसी’ हे पुस्तक लिहिलं (२०१५) आणि आपल्याच क्षेत्रातल्या लोकांची झोप उडवली. आता तो मिशिगन विद्यापीठात शिकवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : तंत्रज्ञान स्वतःहून काही सुधारत नाही, माणसांची आणि संस्थांची जी नियत आणि कुवत आधीपासून असते तीच ते मोठी करून दाखवतं. ज्या शाळेत मास्तर शिकवतो तिथं संगणक उपयोगी पडतो, जिथं मास्तर येतच नाही तिथं संगणकावर धूळ बसते. तंत्रज्ञांना हे ऐकायला आवडत नाही आणि मंत्र्यांना तर मुळीच नाही, कारण नियतीचं आणि कुवतीचं उद्घाटन करता येत नाही.

वारणेत ते चाललं, कारण माहिती ज्याची, पैसे ज्यानं द्यायचे आणि उत्तर द्यायची गरज ज्याची, ती संस्था एकच होती. ऊस वेळेवर आला नाही तर गाळप अडणार, सभासद बिथरला तर निवडणुकीत पॅनेल पडणार. कारखान्याला शेतकऱ्याला उत्तर देणं भागच होतं.

जिथं असं भाग नसतं तिथं काय होतं, हे मेळघाटातल्या हरिसालनं दाखवलं. धारणी तालुक्यातलं हे गाव मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजवलं गेलं. पुढं एप्रिल २०१९मध्ये राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत सरकारी जाहिरातीतला तिथला तरुणच सोलापूरच्या सभेत व्यासपीठावर उभा केला. राजकारण बाजूला ठेवलं तरी त्या प्रसंगानं एक गोष्ट नीट समोर आणली : गावाला डिजिटल म्हणून घोषित करणं हे गावातल्या कुणाच्याच रोजच्या अडचणीचं उत्तर नव्हतं. ऑगस्ट २०२५मध्ये नागपूरजवळच्या सातनवरीला ‘स्मार्ट आणि इंटेलिजंट’ गावाचा मान मिळाला. पाच वर्षांनी तिथं कोणीतरी जाऊन बघावं.

उलट ज्याला तंत्रज्ञान म्हणताना जीभ अडखळेल अशा एका गोष्टीनं सातबाऱ्याचं सगळ्यात मोठं काम केलं. हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना चुका झाल्या होत्या. नावं गळली, क्षेत्रं बदलली, बोजे राहिले. २०१७च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा छापून तो गावात मोठ्यानं वाचायचा आणि ज्याला चूक दिसेल त्यानं उभं राहून सांगायचं. शेजाऱ्याचा बांध कुठं, कुणाची वाटणी कधी झाली, कोण वारलं, हे गावाला ठाऊक असतं. नोंदी तपासायची याहून चांगली यंत्रणा कुठल्या कंपनीनं विकायला काढलेली नाही. सगळीकडं ते नीट झालं असं नाही. काही ठिकाणी वाचन उरकलं गेलं आणि राहिलेल्या चुकांसाठी लोक अजून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५चे अर्ज घेऊन तहसील कार्यालयात बसतात. पण कल्पना पक्की होती. २०२५ची ‘जिवंत सातबारा’ मोहीमही तशीच. बुलढाण्यात आधी करून बघितलेली आणि मग राज्यभर नेलेली. मयत खातेदारांची नावं काढायची, वारसांची लावायची. तिथं खरी मेहनत गावात फिरून यादी करण्याची आहे, संगणक शेवटी येतो.

ई-पीक पाहणीत मात्र मेहनत शेतकऱ्याकडं सरकवली गेली. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो ॲपमध्ये टाकायचा. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ ही घोषणा कानाला बरी लागते. रेंज नसलेल्या शिवारात साधा फोन घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ती कशी लागत असेल, हे सांगायला नको. नोंद राहिली तर नुकसानभरपाई आणि हमीभावानं विक्री दोन्हींत अडचण. मुदतवाढ दर हंगामाला, सहायक नेमावे लागतात तेही दर हंगामाला. म्हणजे जे काम तलाठी करायचा ते आता शेतकरी, सहायक आणि तलाठी मिळून करतात.

दुसरीकडं एस्टोनियासारखा देश, लोकसंख्येनं आपल्या हिंगोली-वाशीमसारख्या एखाद्या जिल्ह्याएवढा. तिथं २००१पासून सरकारी खाती एकमेकांच्या नोंदी थेट विचारतात. एकदा दिलेली माहिती नागरिकाकडून पुन्हा मागायची नाही, हा तिथला दंडक. शिवाय आपली नोंद कुठल्या खात्यानं केव्हा उघडली, हे नागरिकाला बघता येतं. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खाती एकमेकांशी बोलू लागली तर ती आपल्याबद्दल काय बोलतात, हे आपल्याला कळायला हवं. छोट्या देशाचं उदाहरण मोठ्याला लावू नये, हे मान्य. पण आपल्याकडंही त्या दिशेची सुरुवात झालीच आहे. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५पासून राज्यातल्या कृषी योजनांना सक्तीचा झाला. जमीन त्या क्रमांकाला जोडलेली असते. तो क्रमांक घेतल्यावरही कुठल्या योजनेत सातबारा मागितला जात असेल, तर हा क्रमांक म्हणजे हमालाच्या ओझ्यात पडलेला आणखी एक कागद.

हे ओझं उतरवायला नवं ॲप नको, आणि व्हॉट्सॲपवर सेवा देण्यासाठी फेब्रुवारी २०२५मध्ये मेटा कंपनीशी झालेला करारही त्याला पुरणार नाही. हत्यार हाताशी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५चा. सेवा वेळेत दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. ज्या कागदाची नोंद सरकारकडं आधीच आहे तो अर्जदाराकडं मागितला तरी हाच दंड, एवढी दुरुस्ती नागपूरच्या अधिवेशनात एखाद्या आमदारानं मांडून बघावी. सत्ताधारी बाकावरच्या आमदारानं मांडली तर फारच उत्तम.