लेखणी आणि पट : विल्हेल्म स्टाइनिट्झची हकिकत

मंडळी, बुद्धिबळाचा रंगलेला डाव तुम्ही पाहिला असेलच. खेळणारे दोघे आणि सल्ला देणारे आठ! ‘घोडा काढ’, ‘वजीर घाल आत’ असं म्हणणाऱ्याचं काही जात नाही. हरतो तो खेळणारा. आज ज्याची हकिकत सांगायची आहे, तो माणूस सल्ला देणाराही होता आणि खेळणाराही. वर्तमानपत्रांत डावांवर लिहून त्यानं पोट भरलं आणि लिहिलेलं खरं की खोटं, हे ठरवायला स्वतःच पटावर बसला. त्याचं नाव विल्हेल्म स्टाइनिट्झ.

त्याचा जन्म 1836 साली प्राग शहरात एका गरीब यहुदी कुटुंबात झाला. ठेंगणा बांधा, पाय थोडा अधू. शिकायला म्हणून व्हिएन्नाला गेला आणि तिथं बुद्धिबळानं त्याला धरलं ते कायमचं. 1862 साली लंडनच्या स्पर्धेला आला आणि तिथंच राहिला. 1866 साली त्यानं जर्मनीच्या अँडरसनला आठ डाव विरुद्ध सहा असं हरवलं. अँडरसन म्हणजे त्या काळचा नामांकित खेळाडू. गंमत पाहा, चौदांपैकी एकही डाव बरोबरीत सुटला नाही!

याचं कारण त्या वेळच्या खेळात आहे. सुरुवातीलाच एखादं प्यादं, मग घोडा, मग हत्तीसुद्धा बळी द्यायचा आणि राजावर तुटून पडायचं, याला मर्दानी खेळ म्हणत. बळी दिलेलं मोहरं न घेणं कमीपणाचं वाटे. स्टाइनिट्झही तरुणपणी असाच खेळे. पण पुढं त्याच्या मनात प्रश्न आला, की हल्ला यशस्वी होतो तो करणाऱ्याच्या हुशारीनं, की समोरच्यानं आधी काही चूक केलेली असते म्हणून?

1873 साली त्याला ‘द फील्ड’ या लंडनच्या साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर मिळालं. शिकार आणि मैदानी खेळ यांना वाहिलेलं ते पत्र. तिथं तो गाजलेले डाव घेई, एकेक खेळी तपासी आणि चूक नेमकी कुठं झाली ते दाखवी. नुसतं ‘वाहवा, काय सुंदर हल्ला!’ असं लिहून तो थांबत नसे. बचाव नीट झाला असता तर हा हल्ला फसला असता, असं तो खुशाल लिही. लोकांना राग येणारच, नाही का?

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. प्यादं कधी मागं येत नाही. (आपल्या जुन्या देशी पद्धतीत ते पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, युरोपच्या पद्धतीत पहिल्यांदा दोन घरंही चालतं, पण मागं कुठंच येत नाही.) म्हणून प्यादं पुढं सरकलं, की ते आधी ज्या घरांची राखण करत होतं ती त्याच्या हातून कायमची सुटतात. तिथं शत्रूचा घोडा येऊन ठाण मांडू शकतो. एकाच रांगेत एकामागं एक आलेली दोन प्यादी एकमेकांना आधार देत नाहीत. आपले दोन्ही उंट शाबूत आणि समोरच्याचा एक गेलेला, हाही फायदा. यातली एकेक गोष्ट लहानच. पण बांधाला बारीकशी फट असली तरी पाणी तिथूनच वाट काढतं. असे लहान फायदे जमवत जा, आणि पुरेसे जमले की मग मात्र हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर जमवलेलं हातचं जाईल. बुद्धिबळ शिकवणाऱ्या गुरुजींनी पोरांना हा प्याद्यांचा हिशेब आधी दाखवावा, असं मला वाटतं. शह आणि मात पोरं आपोआप शिकतात.

लंडनमध्येच त्याचा मोठा विरोधक होता योहानेस झुकरटोर्ट. तोही लिहिणारा, 1879 पासून हॉफर नावाच्या सोबत्याबरोबर तो बुद्धिबळाचं मासिक चालवी. दोघांची कागदावर अशी जुंपली, की विचारू नका. स्टाइनिट्झची जीभ तिखट होती, दोष एकट्या झुकरटोर्टचा नव्हता. 1882 साली ‘फील्ड’चं सदर स्टाइनिट्झच्या हातून गेलं. तो अमेरिकेला गेला आणि 1885 साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं स्वतःचं मासिक काढलं.

शेवटी 1886 साली दोघे पटावर समोरासमोर आले. जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना तो हाच. जो आधी दहा डाव जिंकेल तो विजेता. न्यूयॉर्कच्या पाच डावांत झुकरटोर्टनं चार जिंकले. स्टाइनिट्झच्या सगळ्या लिखाणाचं हसं व्हायची वेळ आली! पण पुढं सेंट लुईसला त्यानं बरोबरी गाठली आणि न्यू ऑर्लीन्सला सामना संपला तेव्हा त्याचे दहा डाव, झुकरटोर्टचे पाच आणि पाच बरोबरीत.

मात्र दर वेळी त्याचंच खरं ठरलं असं नाही. 1889 साली त्यानं बुद्धिबळ शिकवणारं पुस्तक काढलं. त्यातल्या काही खेळी रशियाच्या चिगोरीनला पटल्या नाहीत. मग 1890 ते 91 मध्ये दोघं तारेनं दोन डाव खेळले, एक न्यूयॉर्कला बसून, दुसरा सेंट पीटर्सबर्गला. स्टाइनिट्झनं मुद्दाम आपल्या पुस्तकातल्याच खेळी केल्या आणि दोन्ही डाव हरला. सोयीची दुसरी खेळी करून अब्रू वाचवता आली असती. त्यानं ती केली नाही. माझ्या मते झुकरटोर्टवरच्या विजयापेक्षा हे दोन पराभव त्याची जात जास्त ओळखवतात.

1891 साली मासिक बंद पडलं. 1894 साली पंचविशीतल्या लास्करनं त्याचं जगज्जेतेपद घेतलं. तरी 1895 साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला त्यानं बार्डेलेबेनविरुद्ध असा डाव खेळला, की लोक आजही तो मांडून पाहतात. त्याचा हत्ती शत्रूच्या राजाशेजारी जाऊन उभा राहिला, आणि कुणीही मारला तरी डाव जाणारच अशी गाठ पडली. बार्डेलेबेन हार न कबूल करता, न बोलता दालनातून निघून गेला. मग म्हाताऱ्यानं जमलेल्या लोकांना पुढची मात एकेक खेळी करून दाखवली.

1896-97 मध्ये मॉस्कोला लास्करनं त्याला पुन्हा हरवलं. त्यानंतर त्याच्या मनाचा तोल ढळला आणि तिथल्या इस्पितळात त्याला ठेवावं लागलं. बरा होऊन तो पुन्हा स्पर्धा खेळू लागला. खेळाशिवाय पैसा मिळवायची दुसरी वाटच नव्हती. 1899 ची लंडनची स्पर्धा शेवटची. तिथं त्याला बक्षीस मिळालं नाही. 12 ऑगस्ट 1900 रोजी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात तो वारला, तेव्हा त्याच्याजवळ पैसा म्हणून काही उरला नव्हता.