काळी आणि तिचे दावे

निवृत्त माणसाला शेतीचे वेड लागते म्हणतात; मलाही लागले. सौभाग्यवतीच्या माहेरची तुळजापूरकडची दोन एकर बरड जमीन आमच्या वाट्याला आली होती. तिथे मेंढ्या पाळायच्या, असा माझा बेत. शेजारचे शेतकरी हसले. "साहेब, मेंढीच्या मागं दिवसभर चालायला धनगराचे पाय लागतात. तुम्ही आपली शेळी घ्या."

जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले, पण इथली शेळी अजून उस्मानाबादीच! बहुतेक काळीभोर. बोरी-बाभळीच्या पाल्यावर दुष्काळ काढते आणि पुष्कळदा जुळी देते.

आम्ही थाटात आठवडी बाजार गाठला. रुमालाखाली बोटे दाबून सौदे चालले होते; त्यातले मला काय कळणार? दात पाहिले, तुकतुकीत अंग पाहिले आणि एक गाभण शेळी घेऊन आलो. यथावकाश ती व्याली. जुळी झाली, पण तिचा एक सड बंद! धडधाकट करडू दुसऱ्याला हटवून पीत राही. सौ.ने बाटलीने दूध पाजले, तरी चौथ्या दिवशी ते दगावले. त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवले नाही.

"चांगली पाट बाजारात कोण आणंल?" शेजारी म्हणाले. "घरी जाऊन घ्यावी. तिची आई बघावी."

हे आधी का सांगितले नाही, असे विचारण्यात अर्थ नव्हता. मीच विचारले नव्हते.

फाल्गुनात एका वाडीवर गेलो. बाईंच्या दारात पाच शेळ्या होत्या. म्हातारीला दोन्ही बाजूंनी दोन करडे लुचत होती. तिचीच लेक गाभण होती. या खेपेस मी कास चाचपली, दोन्ही सड पिळून पाहिले. बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"ही इकायची न्हवती, दादा. पोरीची फी सोमवारच्या आत भरायची हाय."

सांगितलेली किंमत मी मुकाट्याने मोजली. घासाघीस करू लागलो असतो, तर सौ.ने तिथेच चिमटा काढला असता. बाईंनी काळीच्या गळ्यातले दावे सोडून हातात गुंडाळले.

"दावं देणार न्हाई. तुमचं बांधा."

आमच्याजवळ कुठले दावे? शेवटी माझा मफलर कामी आला.

मृगाआधी दवाखान्यातून आंत्रविषाराची लस टोचून घेतली. आषाढात काळी व्याली. दोन पाटी झाल्या. दोघी दोन्हीकडून ढुशा देत पीत.

नवरात्रात देवीच्या दर्शनाला जाताना बाई लेकीला घेऊन आमच्याकडे डोकावल्या. सौ.ने चहा ठेवला. काळीने मालकिणीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती आपली पाला ओरबाडत राहिली. बाई मात्र चहाला न थांबता गोठ्यात शिरल्या, खाली वाकल्या आणि दोन्ही सड पिळून पाहू लागल्या.