घरचा फिर्यादी

आपल्याच घरांतील माणसानें चारचौघांत आपले दोष काढले, तर तें कोणास रुचेल? १८४८ सालीं पुणेकरांवर असाच प्रसंग आला. भाऊ महाजनांच्या मुंबईंतील ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत ‘लोकहितवादी’ या नांवानें पत्रें येऊं लागलीं. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख अवघे पंचवीस वर्षांचे, सरकारी नोकर, जातीनें ब्राह्मण. आणि बोल बहुतेक ब्राह्मणांसच! अर्थ न कळतां केलेलें पाठांतर, दक्षिणेवर विसंबलेली विद्वत्ता, विधवांचे हाल, – ओसरीवर कुजबुजत बोलण्याच्या या गोष्टी त्यांनीं छापून उघड्यावर आणल्या. १८५० पर्यंत अशीं १०८ पत्रें झालीं. नांव मात्र ‘शतपत्रें’ असेंच रूढ झालें.

त्यांची भाषा कडक, क्वचित् अन्यायाचीहि वाटते. इंग्रजी राज्यावरील त्यांची भिस्त तर आज मुळींच पटत नाहीं. परंतु दोष दाखवून ते स्वस्थ बसले नाहींत, हें त्यांच्यावर रागावणाऱ्यांसहि कबूल करावें लागेल. त्याच १८४८ सालीं पुण्यांत सार्वजनिक ग्रंथालय निघालें, त्या खटपटींत ते पुढें होते. तेंच आज ‘पुणें नगर वाचन मंदिर’ या नांवानें ओळखलें जातें.