सोळा पायऱ्यांचे बेट

ह्यांची नेमणूक मॉरिशसला झाल्याचे कळताच नातेवाइकांनी आमचे असे अभिनंदन केले, की जणू आम्ही जन्मभराच्या सहलीलाच निघालो होतो! निळे पाणी, पांढरी वाळू, वाऱ्यावर डोलणारी झाडे, असे कॅलेंडरवरचे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होते. ते चित्र खोटे नाही. पण कॅलेंडरात कोणी भाजी आणत नाही, मुलीला शाळेत घालत नाही. आम्हांला ते सारे करायचे होते.

आमचे बिऱ्हाड वाकोआला, म्हणजे समुद्रापासून दूर, उंचावरच्या पावसाळी गावी. खाली किनाऱ्यावर ऊन असावे आणि इथे छत्री उघडावी, हे नित्याचेच. ऋतूही उलटे. जून-जुलैत स्वेटर, आणि दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडाशी. घड्याळ भारताच्या दीड तास मागे. नवीन वर्ष लागले, की चक्रीवादळाची धास्ती. इशारे एकापासून चारपर्यंत चढतात. तिसरा लागला, की खिडक्या बंद करून मेणबत्त्या जवळ घ्यायच्या आणि घरात बसायचे.

बाजाराने मात्र मला लवकर आपलेसे केले. भेंडीला इथे ‘लालो’ म्हणतात, कारल्याला ‘मार्गोझ’. कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ म्हणताना ऐकले, तेव्हा परदेश निम्मा जवळ आला! रस्त्यावर मिळणारी दालपुरी तर आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीणच. डाळ आत, रस्सा वर, आणि घ्यायची ती जोडीने.

रविवार भटकण्याचा. पाम्प्लेमूसच्या बागेत परातीएवढ्या पानांची कमळे पाहिली. शामारेलला ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली माती तांबडी, तपकिरी, जांभळी अशा सात रंगांत पसरली आहे. तिच्यावर गवताचे पातेही उगवत नाही. डोंगरातल्या गंगा तलावाकाठी शंकराची 108 फुटी मूर्ती उभी आहे. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक कावडी घेऊन पायी येथे येतात.

नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला ‘ल मोर्न’चा कडा पाहिला आणि हसणेबोलणे थांबले. पळालेले गुलाम या कड्यावर आश्रय घेत. 1835 साली गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई वर चढू लागले. ते पकडायलाच आले, असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका सांगतात.

गुलाम सुटले, पण उसाला हात हवेच होते. ते हात हिंदुस्थानातून आले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर दगडी पायऱ्या आहेत, अवघ्या सोळा. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर आले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. पण मुंबईच्या जहाजांतून आपली कोकणातली माणसेही आली.

आमच्या शेजारच्या आजी त्यांच्याच वंशातल्या. घरात क्रिओल, माझ्याशी हिंदी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतून आजींनी पणजोबांची नोंद उतरवून आणली होती. गावाचे नाव इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेले! ते कोणते, हे मी सांगावे अशी त्यांची अपेक्षा. आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पसरून बसलो. तासाभराने तीन गावे जुळती निघाली. मी हिरमुसले; आजी मात्र खुलल्या. म्हणाल्या, “तो तीनों मेरे!”

गणेशचतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. आजींच्या घरच्या गणपतीपुढे आरती झाली आणि पुरुषांनी फेर धरून जाखडी सुरू केली. शब्द तोंडपाठ, ताल पक्का. नाच संपल्यावर एक तरुण हळूच माझ्याजवळ आला आणि एका ओळीचा अर्थ विचारू लागला. मी सांगितला; त्याने तो वहीत लिहून घेतला.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमची सात वर्षांची लेक शाळेतून येते ती क्रिओल बोलतच. भाषा आजी विसरल्या नव्हत्या. पिढ्यानपिढ्यांच्या पोटापाण्याच्या धडपडीत ती हातातून निसटली होती. जिथे मराठीला काम उरले, देवापुढे आणि फेरात, तिथे ती टिकली. आमच्याकडे तर तेवढेही कष्ट नाहीत. मग निमित्त कोणते सांगायचे?

इथल्या सरकारी शाळांत मराठी शिकता येते. लेकीचे नाव मी त्या वर्गात घातले आहे. घरातही मराठीला कामे नेमून दिली आहेत: बाजाराची यादी, पुण्याच्या आजीला पत्र, रात्रीची गोष्ट. गोष्टीच्या वेळी शेजारच्या आजींची दोन नातवंडेही येतात. परवा धाकट्याने कोतोमिलीची जुडी माझ्या हाती देत ठणकावून सांगितले, “कोथिंबीर!”

मॉरिशसला आलात तर समुद्र जरूर पाहा. पण परतण्यापूर्वी त्या सोळा पायऱ्या एकदा चढून या.