गेममध्ये इंजिन वाढवलं तरी जीप उलटते कशी? ट्रॅक्टर चालवणाऱ्याला लगेच कळेल

मोबाईलवर ‘हिल क्लाइंब रेसिंग’ खेळणारी पोरं आता गावोगावी दिसतात. फिनलंडच्या फिंगरसॉफ्ट कंपनीने हा गेम २०१२ मध्ये आणला. खेळ साधा आहे. एक रेस, एक ब्रेक आणि समोर चढ-उतार. सुरुवातीच्या जीपला चार अपग्रेड मिळतात: इंजिन, सस्पेन्शन, टायर आणि फोर-व्हील ड्राइव्ह.

नाणी जमली की बरेच जण सगळी इंजिनावर घालतात. मग चढ आला की जीप पुढून उचलते आणि मागे पडते. ड्रायव्हरचं डोकं जमिनीला लागलं की खेळ खल्लास. पैसे घालूनही असं का होतं?

इंजिन : जोर वाढतो, तोलही जातो

इंजिन चाकाला ज्या जोराने पुढे फिरवतं, त्याच जोराने गाडीचं धूड मागे फिरायला बघतं. भरलेली ट्रॉली चढावर असताना क्लच झटक्यात सोडला, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. म्हणूनच ट्रॅक्टरच्या तोंडाला लोखंडी वजनं लावतात. गेममधल्या जीपला अशी वजनं नाहीत. त्यामुळे इंजिन मोठं झालं की रेस जपून द्यावी लागते.

हवेतही हेच घडतं. रेस दाबली की नाक वर जातं, ब्रेक दाबला की खाली येतं. जीप हवेत असताना रेस दाबून धरणारा म्हणूनच पाठीवर पडतो.

टायर : पकड असेल तेवढाच जोर कामाचा

चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला नुसती रेस दिली तर चाक जागेवर फिरतं आणि खड्डा खोल होतो. गेममध्ये बर्फाच्या रस्त्यावर असंच होतं. टायर जमीन धरत नसेल, तर इंजिनावर घातलेली नाणी वाया जातात.

सस्पेन्शन : चाक जमिनीवर ठेवणं

उंचावरून आपटल्यावर गाडी उसळली, की तेवढा वेळ चाक हवेत राहतं. हवेतल्या चाकाला जोर लागत नाही. चांगलं सस्पेन्शन धक्का खाऊन टाकतं, चाक जमिनीला धरून राहतं आणि उलटण्याची भीती कमी होते.

फोर-व्हील ड्राइव्ह : पुढचं चाकही ओढतं

सगळा जोर मागच्या चाकावर न राहता पुढेही वाटला जातो. चढावर त्याचा फायदा दिसतो. पण पुढचं चाक हवेत असेल, तर हा फायदाही हवेतच.

इंधनाचा हिशोब

या चारपैकी एकाही अपग्रेडने टाकी मोठी होत नाही. गाडी उभी राहिली तरी इंधन कमी होत राहतं, आणि पुढे जावं तसे कॅन लांब लांब येतात. म्हणजे वेग हवाच, पण न उलटता.

रस्ता बदलला की हिशोबही बदलतो. चंद्राच्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने जीप तरंगते. तिथे जास्तीच्या इंजिनापेक्षा रेस-ब्रेकवरचा हात महत्त्वाचा.

खिशाला झळ नको

प्रत्येक पुढच्या पायरीला जास्त नाणी लागतात. इथेच खऱ्या पैशाने नाणी घ्यायचा मोह होतो. पोरांच्या हातातल्या फोनला बऱ्याचदा वडिलांचं बँक खातं जोडलेलं असतं, आणि त्याच खात्यात शेतमालाचे पैसे येतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड विचारण्याची सोय आहे. ती चालू करून ठेवावी आणि पासवर्ड पोरांना सांगू नये.

मग नाणी घालायची कुठे?

आधी गाडी कशाने थांबते ते बघावं. चाक जागेवर फिरत असेल तर टायर. आपटून उसळत असेल तर सस्पेन्शन. पकड चांगली असूनही चढ चढत नसेल, तरच इंजिन. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, त्याच रस्त्यावर तीनदा खेळावं आणि अंतर कागदावर लिहावं. दोन गोष्टी एकदम वाढवल्या, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.