खोललंच आहे तर

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही कसाऱ्याहून घाट चढायला लागलो. गाडी भाच्याची, म्हणून चालवायची त्यानं आणि आकडे बघायचे मी, असं ठरलं होतं. मांडीवर लॅपटॉप, त्याची केबल स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात, आणि नाकावर माझा जवळचा चष्मा. समोर दोन रकाने पळत होते. एकात इंजिनाचा कॉम्प्युटर किती दाबाची हवा मागतोय ते, दुसऱ्यात प्रत्यक्षात किती मिळतेय ते. पहिल्याला मी मागणी म्हणायचो, दुसऱ्याला मिळकत. भाच्याला हसू यायचं.

हे सगळं कशासाठी, तर त्याला टर्बो बदलायचा होता.

गाडी 2015 ची पोलो जीटी टीएसआय. 1197 सीसी, 105 पीएस, 175 न्यूटन-मीटर टॉर्क, सात गियरचा डीएसजी गिअरबॉक्स. 2013 मध्ये ही गाडी आली तेव्हा एवढ्याशा हॅचबॅकमध्ये इतका जीव असू शकतो, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. 2022 मध्ये चाकणला पोलो बनणंच थांबलं, तेव्हापासून ज्यांच्याकडे ती आहे ते विकायचं नाव काढत नाहीत. मग जुनी गाडी तरणी ठेवायची, तर तिच्यात काहीतरी घालत राहायचं, हे ओघानं आलंच. भाच्याच्या मोबाइलमध्ये एका हायब्रिड टर्बोचा फोटो होता. हायब्रिड म्हणजे बाहेरचं घर कंपनीचंच, आत हवा दाबणारं चाक मोठं. टर्बो, ट्यूनिंग, डाऊनपाइप म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप, आणि मजुरी धरून त्याला मिळालेला अंदाज अडीच लाखांचा होता.

मला विचारायचं कारण एवढंच, की नाशिकच्या सातपूरला माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. मायको सर्कलला ज्या कारखान्याचं नाव चिकटलंय त्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलचे नोझल बनतात. आमचं युनिट छोटं होतं, पण मायक्रॉनची भाषा सगळ्या सातपूरची एकच. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही. फिरणारा दांडा आणि त्याचं बेअरिंग एवढं कळतं. टर्बोत मुळात तेच तर आहे. एका टोकाला एग्झॉस्टच्या गरम धुरावर फिरणारं चाक, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटणारं चाक. दांडा फिरतो तो तेलाच्या थरावर तरंगत, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे. आमच्या ग्राइंडरचा स्पिंडल पन्नास हजारांवर गेला तरी आम्ही शेजारी उभं राहायला कचरायचो.

घाटातल्या पहिल्या सरळ पट्ट्यावर मी म्हटलं, "दाब." तिसरा गियर मॅन्युअलमध्ये धरलेला, दोन हजार आरपीएमपासून पॅडल तळाला. मागणी चढत 1620 मिलिबारपर्यंत गेली. मिळकत 1490 वर अडकली आणि तिथंच रेंगाळली. वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर बाजूनं सोडून देणारी झडप, या गाडीत विजेच्या मोटरनं हलते. ती पूर्ण बंद होती. कॉम्प्युटर म्हणत होता सगळा धूर चाकावर घाल, टर्बो जीव तोडून फिरत होता, आणि तरी 130 मिलिबार कुठंतरी गळत होते. पुढच्या वळणाआधी पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा करणार तोच समोर भाताच्या पोत्यांचा ट्रक आला. त्याच्यामागे इगतपुरीपर्यंत आम्ही चाळीसनं आलो आणि धूर खाल्ला.

"बघा मामा, टर्बो कमी पडतोय," भाचा म्हणाला. आकड्यांवरून तसं वाटणं साहजिक होतं.

त्याचं आणखी एक म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. हा 1620 चा आकडा निर्वात पोकळीपासून मोजलेला असतो. मुंबईत समुद्रकाठी हवा स्वतःच हजारावर दहा-बारा मिलिबार घेऊन उभी असते, म्हणजे टर्बोला ती साधारण 1.6 पट दाबायची. नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास. इथं फुकटचा दाब 940-945 मिलिबार. तोच 1620 गाठायला इथं 1.72 पट दाबावं लागतं. तोच टर्बो नाशकात जास्त वेगानं फिरतो, जास्त तापतो. "म्हणून तर मोठा हवा," भाचा म्हणाला. घोटीच्या टोलनाक्यापर्यंत मला याचं उत्तर सुचलं नाही.

अंबडच्या एका गॅरेजात सोमवारी गाडी लावली. मिस्त्री पस्तिशीचा, कमी बोलणारा. मी आकडे दाखवले. त्यानं ते नीट पाहिलेही नाहीत, एअर फिल्टरच्या डब्यापासून सुरुवात केली. डब्याच्या झाकणाचा एक स्क्रूच नव्हता. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी विसरलं असणार. फटीच्या कडेनं करड्या धुळीची रेघ उमटली होती, अंबडच्या रस्त्यावरची, अर्धी ग्राइंडिंगची. मग त्यानं टर्बोकडे जाणारा पाइप काढला आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

आत हवा दाबणारं चाक दिसलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, ॲल्युमिनियमचं, पाती एखाद्या कमळासारखी वळलेली. नवीन चाकाच्या पात्याची पुढची धार ब्लेडसारखी असते. इथं ती किंचित बोथट, बारीक बारीक टोचे पडलेली. दीड लाख फेऱ्यांवर धुळीचा कण बंदुकीच्या गोळीसारखा लागतो. मी नटाला दोन बोटांनी धरून दांडा बाजूला हलवला. किंचित हलला. हे असायलाच हवं, तेल नसताना तेवढी फट जाणवते. मग आत-बाहेर ढकलून-ओढून पाहिलं. काहीच नाही. पुन्हा ओढलं. नाही. चाक हातानं फिरवलं तर कुठंही न घासता दोन-तीन वेढे गेलं आणि अलगद थांबलं. पाइपात तेलाचा पातळ ओशट थर होता, तो क्रँककेसच्या वाफेचा, सगळ्याच गाड्यांत असतो. चाळीस वर्षांच्या सवयीनं डायल गेज सोबत नेला होता. तो पिशवीतून काढावाही लागला नाही.

"काका, टर्बो चांगलाय," मिस्त्री म्हणाला. त्यानं प्रेशर पाइपचा सांधा उघडला होता. आतली रबरी सील एका बाजूनं चपटी होऊन तडकली होती. बोटानं दाबली तर बिस्किटासारखी तुटली. 130 मिलिबार तिथून जात होते.

आणि मग तो ते वाक्य बोलला. गॅरेजमध्ये जितके पैसे या वाक्यानं खर्च होतात तितके बिघाडानं होत नाहीत. "पण दादा, एवढं खोललंच आहे तर…"

भाच्याचे डोळे चमकले. चाकाची धार बोथट झालेली मी स्वतःच पाहिली होती. आज ना उद्या टर्बो काढावा लागणार, तर आत्ताच मोठा का नको? मजुरी एकदाच. मलाही क्षणभर पटलं.

मी चहा मागवला आणि भाच्याला विचारलं, तू रोज चालवतोस कुठं? पाथर्डी फाट्यावरून मुंबई नाका, तिथून द्वारका. इंजिन बहुतेक वेळ दीड ते अडीच हजार आरपीएममध्ये. या गाडीचा पूर्ण 175 टॉर्क दीड हजारालाच मिळतो तो टर्बो छोटा आहे म्हणून. छोट्या चाकाला पळायला धूर थोडा पुरतो. मोठं चाक लावलं की वरच्या आरपीएमला हवा भरपूर, पण खाली तेच चाक जड. दीड हजाराला जे मिळत होतं ते दोन-सव्वादोन हजाराला मिळणार. नाशिकच्या विरळ हवेचं त्याचं गणित वरच्या टोकाला बरोबर होतं. द्वारका सर्कलला ते उलटं पडतं.

आणि हवा वाढली की पेट्रोल तितकंच वाढायला हवं, ठिणगीची वेळ बदलायला हवी, नाहीतर इंजिन ठोके मारतं. पुढे गिअरबॉक्स. या डीएसजीचं कंपनीतलं नाव डीक्यू 200. त्याची मर्यादा 250 न्यूटन-मीटर, आणि त्याचे दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. गर्दीत रांगताना ते आधीच तापतात. टर्बोवाला विकतो टर्बो, क्लच विकत नाही.

कायद्याचं मी मुद्दाम शेवटी काढलं, कारण त्याला तो विषय आवडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, आरसीवरची माहिती कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अंदाजातला डाऊनपाइप कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला होता, म्हणजे पीयूसीला तोंड कसं द्यायचं ते वेगळंच. विम्याला कळवलं नाही आणि अपघात झाला, तर क्लेम अडायला निमित्त आयतं.

भाचा बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सील बदला."

सील, क्लॅम्प, फिल्टर, चार प्लग आणि तो हरवलेला स्क्रू. मिस्त्रीनं सगळ्यात जास्त वेळ स्क्रूला लावला. डब्यातले निम्मे मापाचे नव्हते, शेवटी एका जुन्या व्हेंटोच्या डब्यावरचा बसला. बिल चार आकड्यांत आलं.

पुढच्या रविवारी पुन्हा घाट. तोच पट्टा, तिसरा गियर, दोन हजार. मागणी 1620. मिळकत 1605, मग 1615, आणि तिथं रेषेला रेषा चिकटली. झडप अर्धी उघडी. टर्बोकडे अजून शिल्लक होतं. पाठीला सीट लागली ती मला आकड्यांच्या आधी कळली. भाचा काही बोलला नाही, पुढच्या पट्ट्यावर न सांगता पुन्हा एकदा दाबलं.

घोटीला टोलच्या रांगेत थांबलो तेव्हा त्यानं लॅपटॉपकडे मान वळवली. "मामा, टर्बो हाच ठेवून नुसता कॉम्प्युटर रिमॅप केला तर? शिल्लक आहे म्हणालात ना तुम्ही."

मी चष्मा पुसला. "आधी क्लचचं तापमान कुठल्या रकान्यात येतं ते शोध," म्हटलं.