दुय्यम भूमिका, पुरतं माणूस

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनयाला स्वतंत्र स्थान मिळालं ते १९८४च्या चित्रपटांपासून. पहिल्याच वर्षी अभिनेत्रीचा मान रोहिणी हट्टंगडींकडे गेला, तो गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’साठी. मूळ नाटक महेश एलकुंचवारांचं. त्यातली मोहिनी बर्वे पाहताना जी कसोटी हाती लागते, ती आजही मला पुरते: नायकाला कथेतून बाजूला काढलं, तरी या माणसाचं आयुष्य पुढे चालू राहील ना?

‘अस्तु’मधली चन्नम्मा या कसोटीला पुरेपूर उतरते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृती हरवत चालले आहेत. ही भूमिका मोहन आगाशेंची. मुलीच्या गाडीतून उतरून ते हत्तीच्या मागे चालू लागतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोचतात. तिथे भेटते ती माहुताची कानडी बोलणारी बायको. अमृता सुभाषने तिला दयेची मूर्ती केलेलं नाही. तिच्या लेखी हा थोर विद्वान नाही, रुग्णही नाही. खाऊ घालायचं, सांभाळायचं आणखी एक लेकरू आहे. ज्ञान, नाव, नाती सगळं गळून पडलेल्या माणसाला ती आहे तसा स्वीकारते. सुशिक्षित घरातल्या मुलींना जे जड जातं, ते हिला जमतं, आणि चित्रपटाचा सगळा प्रश्न तिथे उघडा पडतो. या कामाला २०१३चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावरचा तिचा वेळ मात्र थोडाच आहे.

त्याहूनही थोडा वेळ चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये उषा बाने यांच्या वाट्याला आला. मॅनहोलमध्ये मेलेल्या सफाई कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. नवरा आत उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का पाहायचा, हे ती सांगते तेव्हा आवाज चढत नाही की डोळे भरत नाहीत. विचारलं तेवढ्याचंच उत्तर. उषा बाने व्यावसायिक नटी नाहीत; तशा नटीला इथे रडण्याचा मोह आवरला असता का, मला शंका आहे.

छाया कदम यांचा प्रवास वेगळा. ‘फँड्री’तली जब्याची आई, ‘सैराट’मध्ये हैदराबादला पळून आलेल्या जोडप्याला आसरा देणारी सुमनअक्का, आणि २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणाऱ्या पायल कपाडियांच्या चित्रपटातली पार्वती. मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीकडे राहत्या खोलीचा कागद नाही. बिल्डर तिला हुसकतो, ती कोकणात परतते. तिचा राग दिसतो, तसाच तिचा मोकळा आनंदही. म्हणून ती केवळ अन्यायाचं उदाहरण होत नाही.

आपल्याकडची परीक्षणं अशा कामांना ‘इतरांची साथ चांगली’ या एका ओळीत गुंडाळतात. समीक्षकांनी ती ओळ आता लिहू नये. नाव लिहावं, प्रसंग सांगावा आणि नटीने त्यात नेमकं काय केलं, हे वाचकापुढे ठेवावं.